ईटीओ खोलीतील डोकेदुखी पुन्हा पुन्हा का उद्भवते? कारण शोधण्याचा क्रम

इथिलीन ऑक्साइड (ईटीओ) वायूने वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करणाऱ्या मशीनची दुरुस्ती होते, दाराचे गॅस्केट (फट बंद करणारी रबरी पट्टी) नवे बसते, चार-आठ दिवस बरे जातात आणि सीएसएसडीतील, म्हणजे रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागातील, सिस्टर पुन्हा सांगू लागतात की दुपारनंतर डोके जड होते, डोळे चुरचुरतात, मळमळल्यासारखे वाटते. नाशिकमधील छोट्या आणि मध्यम रुग्णालयांतून, विशेषतः मुंबई नाका, शरणपूर रोड, गंगापूर रोड या भागांत मूळच्या बंगल्यांत किंवा व्यापारी संकुलांच्या मजल्यांवर थाटलेल्या रुग्णालयांतून, ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. थंडीत ती वाढते. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की खिडक्या बंद होतात, एक्झॉस्ट पंख्यातून गार हवा येते म्हणून त्यावर पुठ्ठा लावला जातो, आणि जो वायू उन्हाळ्यात कसाबसा बाहेर जात होता तो खोलीतच राहतो.

अशा वेळी व्यवस्थापन पहिला फोन मशीनच्या मेकॅनिकला करते. माझ्या मते हा क्रमच चुकीचा आहे. वारंवार उद्भवणाऱ्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा मशीनमध्ये नसून लोड (मशीनमध्ये घातलेल्या वस्तू) बाहेर काढण्याच्या पद्धतीत, अपुऱ्या एअरेशनमध्ये (वस्तूंत मुरलेला वायू हवेने बाहेर काढण्यात) आणि खोलीतील हवेच्या दिशेत असते. त्यामुळे मशीन कितीही वेळा उघडले तरी तक्रार टिकून राहते.

नाकावर विश्वास ठेवू नये

इथिलीन ऑक्साइड सुमारे १०.७ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे आपल्या हवामानात तो बहुतेक वेळ वायुरूपातच असतो. तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड आणि अत्यंत ज्वालाग्राही आहे. हवेत त्याचे प्रमाण ३ टक्क्यांच्या वर गेले की ठिणगी पुरेशी ठरते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला मानवी कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. रक्ताचे व लसिकाग्रंथींचे कर्करोग आणि स्त्रियांमधील स्तनाचा कर्करोग यांच्याशी त्याचा संबंध अभ्यासांतून पुढे आला आहे. फिनलंडमधील रुग्णालयांच्या निर्जंतुकीकरण विभागांत काम करणाऱ्या स्त्रियांवरील १९८२ च्या अभ्यासात, गरोदरपणी या वायूच्या संपर्कात आलेल्यांमध्ये गर्भपाताचे प्रमाण अधिक आढळले होते. दीर्घकाळच्या संपर्काने हातापायांच्या नसांवरही परिणाम होतो.

या वायूला गोडसर, ईथरसारखा वास असतो हे खरे. परंतु साधारण माणसाला तो वास जाणवण्यासाठी हवेत त्याचे प्रमाण काहीशे पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत काहीशे भाग) जावे लागते. अमेरिकेतील ओशा या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९८४ मध्ये घातलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने १ पीपीएम आहे, आणि १९८८ पासून कोणत्याही पंधरा मिनिटांच्या सरासरीसाठी ५ पीपीएम ही मर्यादा तिला जोडली गेली. अमेरिकेतीलच नायोश या संशोधन संस्थेची शिफारस तर ०.१ पीपीएमच्या खाली राहण्याची आहे. तेव्हा "आम्हाला वास येत नाही, म्हणजे गळती नाही" हे वाक्य रुग्णालयात कोणी उच्चारले तर ते तेथेच थांबवावे. आणि वास खरोखरच येऊ लागला असेल, तर कारण शोधत बसण्याची वेळ निघून गेलेली असते, खोली रिकामी करावी लागते.

प्रथम वेळ आणि जागा लिहून काढावी

मशीनला हात लावण्यापूर्वी एका वहीत दोन आठवडे साध्या नोंदी ठेवाव्यात: त्रास कोणाला झाला, किती वाजता, त्या वेळी ती व्यक्ती नेमकी कोठे उभी किंवा बसली होती, मशीन कोणत्या टप्प्यात होते, आणि त्या दिवशीच्या लोडमध्ये काय होते. या नोंदी इन्चार्ज सिस्टरने एकटीने न करता मामा आणि मावशींनाही (वॉर्डबॉय व आयांनाही) विचारून कराव्यात, कारण खोलीत सर्वाधिक वेळ त्यांचा जातो आणि त्यांना विचारण्याचे बहुधा कोणाच्या मनात येत नाही.

एका रुग्णालयात मशीनचे गॅस्केट, झडप आणि वायूचे कार्ट्रिज (छोटा डबा) टोचणारी सुई असे सगळे बदलून झाले होते, तरी तक्रार कायम होती. तेथील मावशींनी एका वाक्यात निकाल लावला: "सर, मशीन चालू असतं तेव्हा काही होत नाही, गॉजच्या घड्या घालायला बसलं की डोकं धरतं." घड्या घालण्याचे टेबल मशीनपासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते; मात्र त्याच्या मागे हाताच्या अंतरावर स्टीलचा रॅक होता आणि त्यावर आदल्या रात्रीच्या सायकलमधून (निर्जंतुकीकरणाच्या फेरीतून) काढलेल्या व्हेंटिलेटरच्या ट्यूबिंग, सक्शन कॅथेटर आणि कॉटरीच्या लीड पाऊचमध्ये रचून ठेवल्या होत्या. रॅकवर "एअरेशन" अशी चिठ्ठीही चिकटवलेली होती. थंडीच्या दिवसांत बंद खोलीत त्या पाऊचमधून तासन्तास निघणारा वायू मावशींच्या डोक्यामागे साचत होता. मशीन त्या प्रकरणात निर्दोष होते.

नोंदींतून जो आकार दिसेल त्यावरून पुढची दिशा ठरते. त्रास दार उघडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत होत असेल, तर दोष दार उघडण्याच्या पद्धतीत किंवा सायकलच्या शेवटी होणाऱ्या हवेच्या धुलाईत असण्याची शक्यता अधिक. त्रास काही तासांनी आणि साठवणीच्या जागेजवळ होत असेल, तर एअरेशन पाहावे. कार्ट्रिज किंवा सिलिंडर बदलणाऱ्या एकाच माणसाला त्रास होत असेल, तर जोडणीची जागा आणि त्याची पद्धत पाहावी. मशीन चालू असतानाच, आणि लोड काहीही असला तरी त्रास होत असेल, तेव्हा मात्र गळतीचा संशय खरा मानून मशीन बंद ठेवावे.

एअरेशन: बहुतेक प्रकरणे येथेच सुटतात

पोलाद आणि काच हा वायू धरून ठेवत नाहीत. प्लास्टिक आणि रबर धरून ठेवतात, आणि त्यांत पीव्हीसी सर्वांत चिवट. सायकल संपली याचा अर्थ जंतू मेले एवढाच होतो. प्लास्टिकच्या आत शिरलेला वायू बाहेर पडायचा असतो. त्यासाठी गरम हवेच्या एअरेशन कपाटात ५० अंशांना १२ तास किंवा ६० अंशांना ८ तास हा सर्वसाधारण हिशेब धरला जातो, तर खोलीच्या तापमानाला, म्हणजे सुमारे २० अंशांना, पीव्हीसीसाठी सात दिवस लागू शकतात. नाशिकमध्ये जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास किंवा त्याखाली जातो. अशा खोलीत रॅकवर एक रात्र ठेवलेल्या ट्यूबिंगला एअरेशन झाले असे म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे, आणि त्यात कर्मचाऱ्यांबरोबर रुग्णही भरडला जातो, कारण उरलेला वायू त्याच्या श्वासनलिकेशी किंवा त्वचेशी जातो.

हे सर्वांना ठाऊक असूनही एअरेशन का कापले जाते, हे विचारल्याशिवाय समस्या सुटत नाही. उत्तर बहुतेक ठिकाणी एकच मिळते: संच कमी आहेत. ओटीतून (शस्त्रक्रियागृहातून) निरोप येतो की साहेब स्क्रब करत आहेत, ट्यूबिंग झाल्या असतील तर लगेच पाठवा; सिस्टर कपाट मध्येच उघडते, दोन पाऊच काढते, आणि आत तापलेल्या हवेतील वायू तिच्या तोंडावर येतो. येथे सिस्टरला शिस्त शिकवण्याऐवजी ट्यूबिंगचे आणखी काही संच विकत घेणे हा खरा उपाय आहे. तो खर्च नवीन मशीनच्या तुलनेत किरकोळ आहे. एअरेशन पूर्ण होईपर्यंत कपाटाला कुलूप ठेवावे, किल्ली इन्चार्जकडे असावी आणि कपाट मध्येच उघडण्याची परवानगी तोंडी देऊ नये.

दुसरे कारण त्याहून सोपे आहे. ज्या वस्तू ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनमध्ये) जाऊ शकतात त्या केवळ ऑटोक्लेव्ह रिकामा नाही म्हणून ईटीओत टाकल्या जातात. पोलादी हत्यारे, लिनन, गॉज यांना वाफ पुरते. त्या काढल्या की ईटीओच्या सायकली कमी होतात आणि खोलीतील वायूही घटतो, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही.

लोड भरण्याच्या पद्धतीतही काही गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. प्लास्टिकचे क्रेट वापरू नयेत, कारण ते स्वतःच वायू शोषून घेतात. स्टीलच्या जाळीच्या टोपल्या वापराव्यात. पाऊच एकमेकांवर दाबून रचू नयेत, उभे आणि सैल ठेवावेत. ट्यूबिंगच्या आत पाण्याचे थेंब राहिले तर त्यांच्याशी संयोग होऊन इथिलीन ग्लायकॉल तयार होते आणि ते कितीही एअरेशन केले तरी वायूसारखे उडून जात नाही, म्हणून वस्तू आतून कोरडी असल्याची खात्री केल्याशिवाय पाऊच बंद करू नये.

दार उघडण्याची पंधरा मिनिटे

कर्मचाऱ्यावर येणारा सर्वांत मोठा भार बहुधा याच वेळेत येतो, आणि आठ तासांच्या सरासरीत तो लपून जातो. समजा, दार उघडून लोड काढताना पंधरा मिनिटे एखाद्या मामांच्या नाकाजवळ २० पीपीएम वायू होता आणि उरलेला दिवस हवा स्वच्छ होती. आठ तासांची सरासरी ०.६ पीपीएमच्या आसपास येईल आणि अहवालात सर्व काही मर्यादेत दिसेल, पण पंधरा मिनिटांची मर्यादा चौपट ओलांडलेली असेल. म्हणून तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेकडून केवळ दिवसभराचा बॅज (वायूचा संपर्क मोजणारा, अंगावर लावायचा बिल्ला) न मागता दार उघडतानाचा स्वतंत्र नमुना मागावा. बॅज भिंतीवर टांगून उपयोग नाही. तो कॉलरजवळ, श्वासाच्या कक्षेत लावलेला असावा.

ज्या मशीनमध्ये निर्जंतुकीकरण आणि एअरेशन एकाच चेंबरमध्ये होते, तेथे दोन्ही संपल्याशिवाय दार उघडण्याचे कारणच नाही. जुन्या मशीनमध्ये, जेथे लोड काढून दुसऱ्या कपाटात न्यावा लागतो, तेथे सायकलच्या शेवटी निर्वात करून ताजी हवा आत घेण्याच्या फेऱ्या वाढवता येतात का हे उत्पादकाच्या तंत्रज्ञाला विचारावे. दाराच्या वरच्या कडेला बाहेर हवा खेचणारा हूड असावा. दार चार बोटे उघडून सर्वांनी खोलीबाहेर जावे आणि साधारण पंधरा मिनिटांनी परत यावे. मात्र हूड नसेल तर ही युक्ती सगळा वायू खोलीत सोडण्यासारखीच आहे. लोड हातात घेऊन चालू नये. टोपली ट्रॉलीवर ठेवून ट्रॉली स्वतःच्या पुढे न ढकलता मागे ओढावी, म्हणजे चालताना टोपलीवरून येणारी हवा तोंडावर येत नाही.

हवा कोठून येते आणि कोठे जाते

ईटीओ खोलीत हवा शेजारच्या खोल्यांतून आत यावी आणि थेट इमारतीबाहेर जावी, तासाला किमान दहा वेळा बदलावी, आणि ती पुन्हा कोणत्याही खोलीत फिरू नये. स्प्लिट एसी हवा बदलत नाही, तीच हवा गार करून परत देतो. त्यामुळे एसी चालू आहे याला वायुवीजन समजण्याची चूक करू नये.

दिशा तपासण्यासाठी यंत्र लागत नाही. खोलीचे दार बोटभर उघडे ठेवून फटीपाशी टिश्यू पेपरची लांब पट्टी धरावी. पट्टी खोलीच्या आत ओढली गेली तर ठीक. लोंबत राहिली किंवा बाहेर फडफडली तर खोलीतील हवा पॅसेजमध्ये जात आहे. काही ठिकाणी यासाठी उदबत्ती पेटवलेली मी पाहिली आहे. ज्वालाग्राही वायूच्या खोलीत निखारा नेण्याची ही कल्पना ज्याला सुचली त्याला कोणीही अडवले नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

पट्टी लोंबत असेल तर प्रथम पंख्यावरचा पुठ्ठा काढावा. पुठ्ठा नसेल तर पंख्याचे पाते जाळीसकट धुवावे, आणि खोलीत हवा शिरण्यासाठी दाराच्या तळाशी जाळी आहे का ते पाहावे, कारण पूर्ण बंद खोलीतून पंखा हवा खेचू शकत नाही. नंतर बाहेर जाऊन पाइपाचे टोक पाहावे. गच्चीपर्यंत न नेता पाइप डक्टमध्येच सोडून दिलेला असतो, किंवा वॉर्डाच्या खिडकीखाली उघडतो, किंवा ओटीच्या एसी यंत्रणेची हवा जेथून आत घेतली जाते त्याच्या शेजारी येतो. हवा घेण्याच्या कोणत्याही जागेपासून हे टोक किमान २५ फूट दूर असावे.

दोन जागा सहसा कोणी पाहत नाही. एक म्हणजे फरशीवरील जाळी. पाण्यावर चालणाऱ्या व्हॅक्यूम पंपाचे पाणी वायू बरोबर घेऊन गटारात येते, आणि पाइप व जाळी यांच्यामधील मोकळ्या जागेतून तो वायू खोलीत परततो. त्या जागेवर झाकण घालून तेथूनच एक्झॉस्टचा पाइप काढावा लागतो. दुसरी जागा म्हणजे विजेचे बोर्ड. लाइट गेल्यावर मशीन यूपीएसवर चालू राहते आणि एक्झॉस्ट पंखा मात्र साध्या लाइनवर असल्याने थांबतो, असे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. दोन्ही एकाच बॅकअपवर असावेत, आणि पंखा बंद असेल तर सायकल सुरूच होऊ नये असा इंटरलॉक बसवून घ्यावा.

अलार्म उगाच वाजतो म्हणून बंद केला असेल तर

इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर अल्कोहोललाही प्रतिसाद देतो. सेन्सरच्या खालीच हँडरबची बाटली टांगलेली असेल, तर हात चोळताच आकडा चढतो. मग आठवड्याभरात कोणीतरी तारच काढून टाकतो आणि खरी गळती झाली तरी खोली गप्प राहते. बाटली दाराबाहेर हलवावी, स्पिरिटने टेबल पुसण्याची वेळ नोंदवावी आणि आकडा त्या वेळेशी जुळतो का ते पाहावे. जुळत नसेल तर तो खरा वायू समजावा. सेन्सर छताजवळ न बसवता श्वासाच्या उंचीवर, मशीनच्या दाराजवळ असावा, ठरलेल्या मुदतीत कॅलिब्रेट व्हावा, आणि त्याचा आकडा खोलीच्या बाहेरही दिसावा, म्हणजे आत जाण्यापूर्वीच कळेल.

कागदी मास्क, एन-९५ किंवा दोन मास्क एकावर एक यांचा या वायूपुढे काहीही उपयोग होत नाही. पातळ लेटेक्स हातमोज्यांतून तो आरपार जातो. द्रवाशी संबंध येण्याची शक्यता असेल तेव्हा ब्यूटाइल रबरचे हातमोजे लागतात. चामड्याचे बूट आणि घड्याळाचा पट्टा वायू शोषून त्वचेशी धरून ठेवतात, म्हणून ते बाहेर काढूनच आत जावे.

मशीनची पाळी

येथवरचे सर्व पाहून झाल्यावर गॅस्केटकडे यावे. त्यावर केसाएवढी चीर किंवा लिननचा धागा अडकलेला असणे पुरेसे असते. कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या सिलिंडरवर चालणारे मशीन चेंबरमध्ये बाहेरच्यापेक्षा अधिक दाब ठेवते, त्यामुळे फट असल्यास वायू बाहेर येतो. शुद्ध वायूच्या एकवेळच्या कार्ट्रिजवर चालणारे मशीन वातावरणापेक्षा कमी दाबावर चालते आणि तेथे फट असल्यास हवा आत खेचली जाते. नवीन खरेदीच्या वेळी हा फरक किमतीच्या आधी पाहावा.

नाशिककरांना रुग्णालयातील वायुगळती म्हटले की झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली तो २१ एप्रिल २०२१ चा दिवस आठवतो. त्यानंतर ऑक्सिजनच्या टाकीजवळ कोणी काय करायचे हे आपण लिहून काढले. तसाच कागद ईटीओ खोलीच्या दारावरही हवा. अलार्म वाजल्यास किंवा वास आल्यास सर्वांनी बाहेर पडावे, आतील कोणतेही बटण दाबू नये, पंखासुद्धा आतून चालू न करता बाहेरच्या बोर्डवरूनच चालू करावा, आणि हवेचा स्वतंत्र पुरवठा असलेल्या मुखवट्याशिवाय कोणीही परत जाऊ नये. ८०० पीपीएम ही पातळी जिवावर तत्काळ बेतणारी मानली जाते. डोळ्यांत गेल्यास वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावेत, कपड्यांवर द्रव उडाला असल्यास कपडे लगेच उतरवावेत. मोठ्या संपर्कानंतर फुप्फुसात पाणी होण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो, म्हणून "आता बरे वाटते" एवढ्यावर कोणाला घरी पाठवू नये.

गरोदर असलेल्या किंवा तसा विचार असलेल्या सिस्टरला या खोलीची पाळी देऊ नये, आणि त्यासाठी तिला अर्ज करावा लागू नये. वेळापत्रक लावताना इन्चार्जनेच ते पाहावे. नियमित वैद्यकीय तपासणी जरूर करावी, परंतु रक्ताचा साधा अहवाल सामान्य आला म्हणून संपर्क झालाच नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्माचे मशीन हा पर्याय अनेक जण विचारतात. तो चांगला आहे, एअरेशनचा प्रश्नच मिटवतो. पण कागद, कापूस, द्रव आणि फार लांब-अरुंद नळ्या त्यात चालत नाहीत, त्यामुळे ईटीओ पूर्ण बंद होईलच असे धरून चालू नये.

एवढे करूनही तक्रार राहिली, तर सर्व्हिस इंजिनिअरला बोलावताना त्याच्या हाती दोन आठवड्यांची वही, दार उघडतानाच्या नमुन्याचा अहवाल आणि प्रत्येक सायकलचा छापील दाबाचा आलेख द्यावा. "वास येतो, बघा जरा" एवढे सांगितले तर तो पुन्हा गॅस्केटच बदलून जाईल.